मऊ हाताची जैतूनबी

लग्न होऊन वरवट बकालला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी मी समोरच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेले हात पाहिले.

पांढरे, छोटे छोटे, मनगटापासून तोडल्यासारखे. उन्हाळ्याचे दिवस, गल्लीत चिटपाखरू नाही. गरम वाऱ्याची झुळूक आली की ते सगळे हात एकदम हलायचे, 'ये, ये' म्हटल्यासारखे. मी हातातली बादली तिथंच टाकली आणि आत पळाले. मी जन्माची भित्री, आणि आता या वयात ते लपवून काय करायचंय!

सासूबाई, म्हणजे गोदाबाई, ओसरीवर मिरच्या निवडत होत्या. "काय झालं वं?"

"आत्याबाई, तिकडं... हात..."

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "थे जैतूनबीचं आंगण हाय. तिकडं पाहू नको. अन् तिनं तुह्याकडं पाह्यलं तं पदर पुढं घे."

मी घाटावरची, बुलढाण्याची. तिकडं हवा थंड, पाणी गोड. घाटाखालचं हे गाव मला आधीच परकं वाटत होतं. गावविहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर मिठाचं, आणि आता हे हात. थोरल्या जाऊबाईंनी, सरूबाईंनी, मला चुलीपाशी बसवून खरं काय ते सांगितलं. ते हात नव्हते, कापडाच्या पिशव्या होत्या. ज्या लेकरांना इसब असतो, कोपराच्या लवणीत, गुडघ्यामागं, गालांवर कातडी लाल होऊन फुटते आणि खाज काही केल्या थांबत नाही, त्यांच्या हातांत घालायच्या. नख लागू नये म्हणून. जैतूनबी त्यांना थैल्या म्हणायची. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, कारण आतली शिवण कातडीला टोचते. गावाला हे कारण ठाऊक नव्हतं. उलटं कापड भुतं घालतात, एवढंच गावाला ठाऊक होतं.

जैतूनबी कासमभाई पिंजाऱ्याची बायको. उंच, काटकुळी. नवरा दिवसभर कापूस पिंजायचा, त्यामुळं तिच्या भुवयांत आणि केसांत कायम कापसाचे तंतू. भर वैशाखात अंगात मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर. बाह्या पाण्यानं चिंब झाल्या तरी ती वर सारायची नाही. आणि तिचे हात! इतक्या काटकुळ्या बाईचे हात इतके मऊ कसे, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. भाकरी थापणाऱ्या, सरकी वेचणाऱ्या बाईचे ते हात वाटायचेच नाहीत.

गावातल्या मुसलमानांच्या घरी एखादी बाई गेली, लेकरू गेलं, की त्याची शेवटची आंघोळ जैतूनबी घालायची. गुसल म्हणतात तिला. कोमट पाणी, बोरीचा पाला, हाताला गुंडाळलेलं मऊ फडकं. घासायचं नाही, रगडायचं नाही. आणि आंघोळ घालताना ती त्या बाईशी बोलायची म्हणे: "हात दे माय. आता पाठ दे." जणू ती ऐकतेच आहे.

त्यामुळं गावची पोरं तिला भ्यायची, आणि पोरांपेक्षा त्यांच्या आया जास्त. "रडू नको, नाईतं जैतूनबीले बलावतो," म्हटलं की लेकरू चिडीचूप. कुत्रीदेखील तिच्यावर भुंकत नसत. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "कुत्र्याले समजते बरं."

पण मला भीती वाटायची ती तिच्या कानांची. गल्लीतून जाता जाता ती मधेच थांबायची. एखाद्या बंद दाराकडं मान वळवून उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "कोपर हाय. गुडघ्याचा आवाज येगळा येते." आत खरोखरच कुणाचं तरी लेकरू कोपर खाजवत असायचं. भिंतीपलीकडचं नख हिला ऐकू येतं कसं? विचारायची कुणाची छाती नव्हती.

हे इसबाचं काम माझ्या लग्नाआधीच तिच्या गळ्यात पडलं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांमुळं. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते, वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, आणि हे डॉक्टर बैलगाडीतून गावोगाव फिरायचे. मोठा भला माणूस, पण बोलायचा पुस्तकासारखं. एकदा चावडीपुढच्या लिंबाखाली त्यांनी सगळ्या बायकांना जमवून सांगितलं, की इसब असलेल्या लेकराला थोडा वेळच कोमट पाण्यानं न्हाऊ घाला, घासू नका, फडक्यानं नुसतं टिपून घ्या, आणि अंग ओलसर आहे तोवर तेल नाहीतर तूप लावा. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा लेकराला दूर लोटू नका. बायकांनी माना डोलावल्या, घरी गेल्या आणि लेकरांना घासघास घासलं. कारण आमच्याकडं मळाच्या वळ्या निघाल्याशिवाय आंघोळ झाली असं कुणी मानतच नाही. पाणी ओतून टिपून घ्यायचं, ही कसली आंघोळ?

त्या दिवशी सगळ्यांच्या मागं उभी राहून जैतूनबी बोलली होती, "डॉक्टरसाब, तुमी सांगून राह्यले तशी आंघोळ मी घालतो. पण माह्या आंघोळीचं माणूस उठून सांगत नाई, की बरं वाटलं का नाई."

बायकांनी पदर तोंडाला लावले. डॉक्टर आधी हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "मग बाई, माझं तोंड चालतं, तुमचे हात चालतात. या आयांना तुम्ही दाखवा."

पहिले कित्येक दिवस तिच्याकडं काळं कुत्रंही फिरकलं नाही. मढी धुणाऱ्या हातात जितं लेकरू कोण देईल? पण खाज वाईट, हो. लेकराबरोबर आईलाही ती झोपू देत नाही. एक आली, दुसरी आली. ऐन दुपारी यायच्या, गाव झोपलेलं असताना, पदराखाली लेकरू झाकून. आणि समोरच्या दोरीवर ते पांढरे हात वाढत गेले.

आमच्या घरात काशी होती. सरूबाईंची मुलगी, दोन वर्षांची. तिला मी स्वस्थ बसलेली कधी पाहिलीच नाही. जेवताना खाजवायची, रडताना खाजवायची, झोपेतही तळमळून खाजवायची. कोपरात रक्त, मानेवर रक्त. सासूबाईंचे उपाय एकाहून एक. डाळीचं पीठ लावून वजरीनं, टाचा घासायच्या दगडानं, घासलं. राख लावली. मामेसासऱ्यांनी लोणारच्या तळ्याचं पाणी बाटलीतून आणलं, त्यानं सगळे रोग धुऊन जातात म्हणून. खारं जहर पाणी ते! लेकराच्या अंगावर ओतलं आणि तिनं जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानात आहे. दोन दिवस खपल्या निघून कातडी लालबुंद चकचकीत दिसली, तर सासूबाई म्हणतात, "पाहा, नवी कातडी आली." तिसऱ्या दिवशी ती सगळी फुटली.

त्या दुपारी जैतूनबी आमच्या दारात थांबली. उंबऱ्याबाहेरच. मान वाकडी करून.

"गोदामाय, तिले जागवलं तुमी."

सासूबाई चपापल्या. "कोणाले वं?"

"लेकराच्या आत जे निजली व्हती तिले. खाऱ्या पाण्यानं थे जागते. घासलं का थे जागते. घाम आला का जागते, कांबळं टोचलं का जागते." ती अगदी शांतपणे, शेजारणीची चौकशी करावी तशी बोलत होती. "अन् जात नाई बरं थे. जाईन म्हणून वाट पाहू नका. लेकरू मोठं होयेपरेंत तिले रोज निजवा लागते, बस. सुनेले धाडा, मी शिकवतो."

माझ्या अंगावर काटा आला. काशी ओसरीवर कोपर खाजवत होती, आणि मला वाटलं, हिच्या आत खरंच कुणीतरी डोळे उघडून बसलं आहे.

"माह्या नातीले मढे धुणारीचा हात नाई लागाचा," सासूबाई म्हणाल्या.

"मढ्यायचं बरं असते माय," जैतूनबी जाता जाता म्हणाली, "थे खाजवत नाईत."

चार दिवसांनी सासूबाईंचा डोळा लागल्यावर सरूबाईंनी काशीला उचललं. मला म्हणाल्या, "तू गोडं पाणी घे, मले एकटीले भेव लागते." भ्यायला मीच सापडले! आमच्या मळ्यातली विहीर तेवढी गोड होती, सगळं गाव तिचं पाणी प्यायला न्यायचं. पण "आंघोळीले नेलं तं याद राखजा," असा सासूबाईंचा दम. मी घागरीवर वांग्यांची टोपली ठेवली आणि गल्ली ओलांडली.

जैतूनबीनं काशीचे कपडे काढले. पाण्यात कोपर बुडवून ऊब पाहिली. फडकं हाताला गुंडाळलं, आणि बोलायला लागली, "हात दे माय. आता दुसरा दे. पाठ दे." तेच शब्द! सरूबाईंनी माझा दंड असा आवळला की नखं रुतली. पाणी नुसतं ओघळत होतं, आवाजसुद्धा नव्हता. आतून कासमभाईच्या पिंजणाची टंय टंय तेवढी येत होती. तिनं काशीला टिपलं, आणि अंग ओलं असतानाच काशाच्या थाळीत पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन लोण्यासारखं केलेलं तूप पातळ थर देऊन लावलं. मग थैल्या घातल्या, मनगटावर नाड्या बांधल्या, आणि लेकरू चादरीवर ठेवलं.

काशी हलली नाही. हात दोन्ही बाजूंना सरळ. तोंड किंचित उघडं. पांढरे पंजे छातीवरून घसरून पडले, तसेच राहिले.

"मेली वं! माह्यी पोट्टी मेली!" सरूबाईंनी हंबरडा फोडला आणि जैतूनबीच्या अंगावर धावून गेल्या. मी तर भिंतीला चिकटले. पिंजणाचा आवाज बंद पडला.

जैतूनबीनं सरूबाईंचा हात धरला आणि काशीच्या नाकापुढं नेला. श्वास चालू होता, गरम, एकसारखा.

"निजली हाय थे," ती म्हणाली. "तू पाह्यली नाई काय कधी निजलेली?"

नव्हतंच पाहिलं. त्या आईनं आपलं लेकरू इतकं स्वस्थ झोपलेलं कित्येक महिन्यांत पाहिलंच नव्हतं. स्वस्थ म्हणजे मेलेलं, असंच तिला वाटलं. सरूबाई जमिनीवर बसल्या आणि अशा रडल्या की काय सांगू. मीही रडले.

शिकवण्याची तिची तऱ्हा निराळी होती. लेकराला एकदाच स्वतः न्हाऊ घालायची, पुढच्या वेळी आपले हात मांडीखाली दाबून समोर बसायची. "माह्या हातानं नाई, तुह्या हातानं निजली पाह्यजे." आईनं जरा चोळलं की चापट. सीताफळाच्या दिवसांत ती आयांना पिकलेलं सीताफळ धुवायला लावायची. डोळा फुटला की दुसरं घ्यायचं. नखं कापा, चुलीच्या धुराजवळ लेकरू निजवू नका, जुन्या धोतराची अंगडी शिवा. आणि बरं दिसलं तरी तेल सोडू नका. एकदा आमच्या सरूबाईंनी काशी बरी दिसते म्हणून तेलाला दोन-चार दिवस सुट्टी दिली, तर ही दारावरून जाता जाता थांबली. "सरू, थे कूस बदलून राह्यली." सरूबाई धावतच तुपाची वाटी घेऊन बसल्या.

काशी सुधारली. सासूबाईंना दिसत होतं, पण श्रेय त्या वजरीला देत. मग एक दिवस त्यांच्या हाती काशीची थैली लागली. त्यांनी ती उजेडात धरली. कोरं पांढरं कापड, किनार नाही, कात्रीनं कापलेलं नाही, हातानं टरकावलेलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कफनाचं कापड हाय वं, रांडे!"

लढाईमुळं कापड कंट्रोलवर होतं. लुगड्याला कापड मिळत नव्हतं, कफनाला मात्र परवाना मिळायचा. मढी धुणारीच्या घरी कोरं पांढरं कापड कुठून येणार, हे सासूबाईंनी क्षणात ताडलं. मेलेल्याच्या अंगावरचं कापड जित्या लेकराच्या हाताला! थैल्या चुलीत गेल्या. सरूबाईंना शपथ घातली. गावभर बोभाटा झाला आणि समोरची दोरी एका दिवसात रिकामी पडली. मला त्या दोरीची इतकी सवय झाली होती, की रिकामी दोरी पाहून जास्तच भीती वाटायला लागली.

काशीनं मोकळ्या नखांनी आठ दिवसांत सगळं अंग फोडलं. जखमा चिघळल्या, ताप चढला. तिला छकड्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखमा धुतल्या, औषध दिलं आणि सासूबाईंनाच विचारलं, "आजी, नखं बांधत होतात ती कुणी सोडली? ताप मी उतरवीन. पण पुन्हा फोडलं तर लेकरू हाती लागायचं नाही."

ताप उतरून काशी घरी आली त्या दुपारी सासूबाईंनी पायांत वहाणा घातल्या आणि स्वतः गल्ली ओलांडली. काशीला कडेवर घेऊन मी मागं.

"जैतून," त्या दारातूनच म्हणाल्या, "खरं सांग. कोणाच्या मढ्यावरचं कापड व्हतं थे?"

जैतूनबी उठली. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडून तिनं एक घडी बाहेर काढली आणि सासूबाईंपुढं उलगडली. पांढरं कोरं कापड, कडेनं जागोजागी टरकावलेलं. अर्धंअधिक संपलेलं.

"कोणाचंच नाई. माह्यं हाय. लढाईच्या आधीच घेऊन ठेवलं व्हतं, मेल्यावर कोणापाशी मागाले लागू नाई म्हणून. इतकं मऊ अन् कोरं कापड आता कुठी भेटते, तुमीच सांगा. मी तं मेलेली राहीन, मले टोचलं तरी समजाचं नाई."

सासूबाईंनी त्या कापडाला बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मंग तुले वं?" त्यांनी विचारलं.

"देईन कोणीतरी."

सासूबाईंनी काशीचे दोन्ही पंजे पुढं केले. जैतूनबीनं माप घेतलं आणि आपल्या कफनाचा आणखी एक तुकडा टर्रकन फाडला. तो आवाज ऐकून मी डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून मळ्यातलं गोडं पाणी लेकरांच्या आंघोळीला मोकळं झालं. सासूबाई विहिरीवर उभ्या राहून विचारायच्या, "लेकराले का? घे. तुह्या म्हशीले का? मंग चाल, नीघ." दोरी पुन्हा भरली.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात जैतूनबी गेली. आजार असा काही नाही. सकाळी पिंजणाचा आवाज आला नाही, तेव्हाच मला कळलं. दोरीवर थैल्या होत्या आणि वारा नसल्यामुळं एकही हलत नव्हती.

तिची पेटी उघडली तर आत वीतभर चिंधी. परवान्याला माणूस धाडला, पण तो तालुक्याहून कधी येणार, आणि वैशाखातलं ऊन! तेवढ्यात आमच्या सासूबाई आल्या. मामंजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, माघारी त्यांनी फडताळात जपून ठेवलेलं कोरं धोतराचं पान त्यांच्या हातात होतं. मामंजींच्या आठवणीची तेवढी एकच वस्तू त्या घरात होती. त्यांनी उंबऱ्यावर बसून त्याच्या किनारी स्वतःच्या हातानं टरकावून काढल्या आणि उरलेलं पांढरं कापड आत दिलं.

मढी धुणारीला कोण धुणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. पिंजारवाड्यातल्या तीन बाया पुढं झाल्या. तिघींचीही लेकरं तिच्या हाताखालून गेलेली. अंगणात चादरींचा आडोसा केला. आम्ही बाहेर रांग लावून मळ्यातलं गोडं पाणी आत पोचवत होतो, सरूबाई आणि मी सगळ्यांत पुढं. पिंजारवाड्यात सगळे जैतूनबीला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, आणि काशीही तेच शिकली होती. आतून आवाज आला, "हात दे खाला. आता दुसरा दे." ऐन दुपार, सगळी गल्ली गप्प. अंगावर काटा आला, पण त्या दिवशी मी पळाले नाही.

मग वारा सुटला आणि चादर क्षणभर वर उचलली गेली. तिचा एक हात दिसला, जन्मात पहिल्यांदाच बाहीविना. कोपराच्या लवणीत कातडी काळी, जाड, चरे पडलेली. जुन्या चऱ्यांवर नवे चरे. आंघोळ घालणारी बाई तिथं अडली होती. तिनं मान वर केली, आमची नजरानजर झाली.

आंघोळ घालताना दिसलेलं बाहेर सांगू नये, असं जैतूनबी म्हणायची. मीही आजवर कुणाला सांगितलं नाही. पण त्यात लपवण्यासारखं काय होतं? जन्मभर ती त्या बाहीआड आपलीच 'ती' निजवत होती, एकटी, आणि म्हणून तिला भिंतीपलीकडचं ऐकू यायचं.

त्या बाईनं फडकं ओलं केलं, आणि त्या कोपरावर, सीताफळाला लावावं तसं, अलगद टिपलं. घासलं नाही.

काशी सरूबाईंच्या कडेवर होती. तिनं थैली घातलेला हात चादरीकडं केला. "खाला काय करून राह्यली?"

"निजली," सरूबाई म्हणाल्या. "दोघी बी निजल्या."